'कोण होतं गं ते?' लोकल थांबते तेव्हा आपण विचारायचा राहून गेलेला प्रश्न

तुम्ही कधी लोकलमध्ये अडकला आहात? म्हणजे पावसामुळे नाही, सिग्नल बिघडला म्हणूनही नाही. गाडी दोन स्टेशनांच्या मध्येच थांबते, पंखे फिरत राहतात, बाहेर काहीच दिसत नाही आणि पाच-सात मिनिटांनी दारापाशी उभं असलेलं कुणीतरी सांगतं, "गाडीखाली आलं कोणीतरी."

माझ्या बाबतीत हे टी.वाय.च्या परीक्षेच्या दिवशी घडलं. मी डोंबिवलीची. पेपर अकराचा होता, कॉलेज दादरच्या बाजूला. कळव्याच्या अलीकडे गाडी थांबली. लेडीज डबा खच्चून भरलेला. सुरुवातीला सगळ्या गप्प होत्या. मग घड्याळं बघणं सुरू झालं, मग ऑफिसला फोन. आणि माझ्यासमोर बसलेल्या एक काकू वैतागून म्हणाल्या, "यांना पण आजच मरायचं होतं का!"

डब्यात दोघी-तिघी हसल्या. आज मला सांगायला आवडेल की मी त्यांच्याकडे रागानं पाहिलं. पण तसं झालं नाही. माझ्याही मनात तेव्हा फक्त अकराचा पेपर होता.

पेपर मिळाला, बराही गेला. संध्याकाळी घरी आल्यावर आईनं विचारलं, "कसा गेला पेपर?" मी गाडी कशी थांबली, मी कशी धावत सुटले, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. आजी कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर केली आणि एवढंच विचारलं, "कोण होतं गं ते?"

मला उत्तर माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर तो प्रश्न दिवसभरात माझ्या मनातही आला नव्हता.

आता मी बेंगळुरूत नोकरी करते आणि रोज मेट्रोनं जाते. गाडी बदलली, शहर बदललं, भाषा बदलली. पण आजीचा प्रश्न सोबत आला आहे. रुळांवर एखाद्याचा जीव जातो तेव्हा गाड्या किती वेळ थांबाव्यात? लाखो लोकांना घरी पोहोचवणं आणि गेलेल्या एका माणसाचा मान राखणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात का? चला, आज याच अवघड विषयावर थोडं शांतपणे बोलूया.

दोन शहरं, दोन तऱ्हा

बेंगळुरूची नम्म मेट्रो २० ऑक्टोबर २०११ ला सुरू झाली. मुंबईच्या लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते. नम्म मेट्रोला ती रुळांच्या बाजूने जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून मिळते, ७५० व्होल्टची. त्यामुळे इथे कुणी रुळांवर उतरलं किंवा पडलं, की आधी वीज बंद करावी लागते. वीज बंद म्हणजे गाड्या बंद. दुसरा पर्यायच नाही.

मार्च २०२४ मध्ये पर्पल लाईनवरच्या अत्तिगुप्पे स्थानकात एका तरुणाचा असाच मृत्यू झाला. त्या दुपारी काही काळ गाड्या फक्त व्हाइटफिल्ड ते मगडी रोड एवढ्याच धावत होत्या. पुढच्या स्थानकांवर जाणारे लोक रिक्षा आणि बस शोधत रस्त्यावर आले. सोशल मीडियावर दोन प्रकारचे मेसेज फिरत होते. काही त्या मुलासाठी हळहळणारे, तर काही "मेट्रो कधी सुरू होणार?" असं विचारणारे. दुसऱ्या प्रकारच्या लोकांना दगडाच्या काळजाचं म्हणायला मी तयार नाही. कुणाचं बाळ पाळणाघरात वाट बघत असेल, कुणाला डॉक्टरकडे जायचं असेल.

मुंबईत वेगळीच तऱ्हा आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा ३४ किलोमीटरच्या त्या प्रवासाचं लोकांना अप्रूप होतं. आज त्याच रुळांवर मृत्यू इतका ओळखीचा झाला आहे की त्याची बातमीही होत नाही. लोहमार्ग पोलिसांच्या नोंदींनुसार मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ साली २,५९० आणि २०२४ साली २,४६८ लोकांचा मृत्यू झाला. म्हणजे रोज सरासरी सात जण. यातले बरेच रूळ ओलांडताना गेले, बरेच गर्दीच्या गाडीतून पडून.

रोज सात वेळा गाड्या तासतासभर थांबवल्या, तर मुंबई चालणारच नाही. म्हणून तिथे गाडी लवकरात लवकर पुढे काढायची सवय लागली. बेंगळुरूत अशी घटना क्वचित होते, त्यामुळे सगळं थांबतं. एका शहराला मृत्यूची सवय झाली आहे, दुसऱ्याला अजून नाही. पण दोन्हीकडे प्रश्न तोच आहे.

गाडी लवकर सुरू करणं म्हणजे निर्दयपणा का?

मला पूर्वी तसंच वाटायचं. माणूस गेलाय आणि यांना टाइमटेबलची पडलीय! पण जरा खोलात गेल्यावर कळलं की थांबलेली गाडीसुद्धा जीव घेऊ शकते.

६ नोव्हेंबर २०२५ ची संध्याकाळ आठवा. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या अचानक झालेल्या आंदोलनामुळे ऐन गर्दीच्या वेळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या लोकल थांबल्या. डब्यात ताटकळलेले काही प्रवासी खाली उतरून रुळांवरून चालू लागले. सँडहर्स्ट रोडजवळ त्यांना एका लोकलची धडक बसली आणि त्यात दोघांचा जीव गेला. घरी जायला उशीर होतोय, एवढंच त्यांचं कारण होतं.

गाड्या थांबल्या की प्लॅटफॉर्मवर गर्दी साचते. पुलांवर, जिन्यांवर साचते. अरुंद जिन्यावर गर्दी तुंबली की काय होतं, हे आपण २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर पाहिलं आहे. त्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. तेव्हा कारण वेगळं होतं, पण अरुंद जागेतली गर्दी कारण विचारत नाही.

म्हणून गाडी लवकर सुरू करणं हे प्रवाशांच्या जिवासाठीही गरजेचं आहे. आता मला खटकतं ते पुढचं. घाईच्या नावाखाली आपण अशाही गोष्टी सोडून देतो, ज्यांना फारसा वेळ लागतच नाही. अंगावर चादर घालायला किती वेळ लागतो? लोकांना मोबाईल खाली ठेवायला सांगायला किती? खिशातला पास नीट नोंदवून ठेवायला किती? वेळापत्रक आणि माणुसकी यांचं भांडण आपण समजतो तेवढं मोठं नाही. बऱ्याचदा ते भांडण नसतंच, फक्त सवय नसते.

त्या काही मिनिटांत काय होतं?

आपण डब्यात घड्याळ बघत असतो, तेव्हा बाहेर काय चाललेलं असतं हे बहुतेकांना माहीत नसतं.

मोटरमन गाडी थांबवतो. मागच्या टोकाला असलेला गार्ड (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि मोटरमन जवळच्या स्टेशनला खबर देतात. स्टेशन मास्तर लोहमार्ग पोलिसांना लेखी कळवतो. रेल्वेच्या भाषेत हा 'मेमो'. लोहमार्ग पोलीस हे राज्य सरकारचे, तर आरपीएफ हे केंद्राचं दल. पंचनाम्याचं काम राज्याच्या पोलिसांकडे असतं. मग स्ट्रेचर घेऊन हमाल येतात. पुढची गाडी जाता यावी म्हणून त्या व्यक्तीला रुळांवरून बाजूला घेतलं जातं. नंतर दवाखाना, पंचनामा, शवविच्छेदन, आकस्मिक मृत्यूची नोंद आणि ओळख पटवून नातेवाइकांना कळवणं.

या सगळ्यात माझं लक्ष हमालांकडे गेलं. आपण त्यांना कधी पाहतही नाही. आपल्या मनात जे विचार करायचं धाडस नसतं, ते काम ते हातांनी करतात. मान राखायचा की नाही, हे खरं तर त्यांच्या हातात असतं. पण त्यांना कुणी हातमोजे, स्वच्छ चादर, नीट स्ट्रेचर दिलंय का, हा प्रश्न त्यांनी नाही, आपण विचारायला हवा.

मान राखायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

'डेड बॉडीला कसला आलाय मान?' असं कुणी म्हणू शकतं. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं की राज्यघटनेच्या कलम २१ मधला सन्मानाचा हक्क माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या देहालाही लागू होतो. म्हणजे ही नुसती भावनेची गोष्ट राहिली नाही, हा हक्क आहे.

माझ्या मते या मानाच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी : तो माणूस गेलाय, हे गृहीत न धरणं. समीर झवेरी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९८९ साली बोरिवलीजवळ झालेल्या रेल्वे अपघातात त्यांनी दोन्ही पाय गमावले. नंतर त्यांनी माहितीच्या अधिकाराचा वापर करून, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करून एकच गोष्ट लावून धरली : जखमी माणसाला वेळेत उपचार मिळाले पाहिजेत. त्यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्यामुळे स्टेशनांबाहेर रुग्णवाहिका आणि स्टेशनांवर तातडीचे वैद्यकीय कक्ष आले. रुळांवर पडलेला प्रत्येक जण मृत नसतो. 'कोणीतरी कटलं' असं म्हणून आपण त्याला बोलता बोलता मारून टाकतो. आधी श्वास चालू आहे का ते पाहायचं, उपचार द्यायचे, कागद नंतर.

दुसरी पायरी : आडोसा. एक चादर, एक पडदा आणि चार कर्मचारी लोकांकडे तोंड करून उभे. एवढ्यानं खूप फरक पडतो. प्लॅटफॉर्मवर लहान मुलं असतात. त्यांच्या डोळ्यांसमोरचं चित्र वर्षानुवर्षं पुसलं जात नाही.

तिसरी पायरी : नीट नोंद. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण यावर मागे राहिलेल्या घराचं पोट अवलंबून असतं. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२४ अ नुसार चालत्या गाडीतून पडून प्रवाशाचा मृत्यू झाला तर कुटुंबाला भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम ८ लाख रुपये आहे. पण तो माणूस गाडीतून पडला की रूळ ओलांडत होता, हे कशावरून ठरणार? जागा, स्थिती, खिशातलं तिकीट किंवा पास, बघणाऱ्यांचे जबाब. घाईघाईत बाजूला करताना हे नोंदवलं गेलं नाही, तर त्या घराला रेल्वे दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं झगडावं लागतं. २०१८ मध्ये रीना देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मृताजवळ तिकीट सापडलं नाही, एवढ्यावरूनच तो प्रवासी नव्हता असं म्हणता येणार नाही. कारण तिकीट गर्दीत पडतं, हरवतं, रुळांवर उडून जातं. गाडी सोडायच्या आधी नीट फोटो आणि टिपण घेणं, हा त्या विधवेला, त्या मुलांना दिलेला मान आहे. इथे खरोखर चार मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्यावीत.

चौथी पायरी : नाव. एल्फिन्स्टनच्या दुर्घटनेनंतर केईएम रुग्णालयात मृतांच्या कपाळावर शाईनं आकडे लिहिले होते. तो फोटो पाहून लोक भयंकर चिडले. रुग्णालयाचं म्हणणं होतं की एकाच वेळी इतके मृतदेह आल्यावर अदलाबदल होऊ नये म्हणून हे केलं. दोन्ही बाजू समजून घ्या. चुकीच्या घरी चुकीचा देह जाणं हा तर सगळ्यात मोठा अपमान ठरला असता. म्हणजे हेतू बरोबर होता, जागा चुकली. तोच आकडा मनगटावरच्या पट्टीवर लिहिता आला असता. चादरीसारखीच ही पट्टीही स्वस्त असते, फक्त ती आधीपासून तयार हवी. दुर्घटनेच्या दिवशी कुणालाच सुचत नाही.

समोर बसलेला माणूस

या सगळ्यात एका व्यक्तीला आपण हमखास विसरतो. मोटरमन.

त्याच्यासमोर काच असते. ब्रेक लावला तरी लोकल जागच्या जागी थांबत नाही. समोर काय होणार हे त्याला दिसतं आणि त्याच्या हातात काहीच उरलेलं नसतं. आणि मागे डब्यात आपण "गाडी का काढत नाही हा?" म्हणून आरडाओरडा करत असतो. गाडी लवकर सुरू करायची असेल, तर तीच गाडी त्याच माणसानं पुढे न्यावी असा हट्ट नको. त्याच्या जागी दुसरा येईपर्यंत थांबावं लागलं, तर तो उशीर मला चालेल. तुम्हाला? त्याला घरी पाठवणं, त्याच्याशी समुपदेशकानं बोलणं, हाही माणुसकीचाच भाग आहे.

घोषणा काय करायची?

'तांत्रिक कारणामुळे सेवा उशिराने सुरू आहे.' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल! कधी खरोखर तांत्रिक कारण असतं, तर कधी त्या शब्दांआड एक माणूस असतो.

जपानमध्ये अशा वेळी 'माणसाशी संबंधित अपघात' अशा अर्थाचा एक ठरलेला शब्द घोषणेत वापरतात. सगळ्यांना कळतं काय झालं, पण तपशील कुणी सांगत नाही. सोबत ऑफिसात दाखवायला उशिराचा दाखलाही मिळतो. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. दाखला हातात असला की कुणाचा अर्धा दिवस पगार कापला जाणार नाही. मग "आजच मरायचं होतं का" हे वाक्य तोंडातून निघण्याची शक्यताही कमी होते. आपला राग अनेकदा त्या गेलेल्या माणसावर नसतोच, तो मस्टरवरच्या लाल शेऱ्यावर असतो.

ब्रिटनमध्ये 'समॅरिटन्स' ही संस्था आणि रेल्वे यांनी २०१७ मध्ये एक मोहीम सुरू केली. तिचा सांगावा साधा होता : प्लॅटफॉर्मवर कुणी हरवल्यासारखं, अस्वस्थ दिसलं तर त्याच्याशी दोन शब्द बोला. "किती वाजले?" "ही गाडी कुठे जाते?" असं काहीही. साध्या गप्पांनी जीव वाचू शकतो. आपल्याकडे तर अनोळखी माणसाशी बोलायला आपल्याला शिकवावंही लागत नाही! विरार लोकलमधल्या बायका वाटाणे सोलता सोलता अख्ख्या डब्याचे प्रश्न सोडवतात.

आणि हो, घटना आत्महत्येची असेल तर आणखी जपायला हवं. भारतीय प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पद्धत सांगू नका, ठिकाणाचा गाजावाजा करू नका, फोटो-चिठ्ठ्या छापू नका. पत्रकारांसाठी असलेला हा नियम आज आपल्यालाही लागू होतो, कारण आता प्रत्येकाच्या हातात एक वर्तमानपत्र आहे. त्याला आपण व्हॉट्सॲप म्हणतो.

खरा तोल दारापाशी आहे

आतापर्यंत आपण मृत्यूनंतरच्या मिनिटांबद्दल बोललो. पण सगळ्यात मोठा मान म्हणजे तो मृत्यूच होऊ न देणं. आणि गंमत म्हणजे त्यानं गाड्याही वेळेवर धावतात.

सिंगापूरनं २०१२ पर्यंत आपल्या सगळ्या उन्नत मेट्रो स्थानकांवर अर्ध्या उंचीची दारं बसवली. मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ मध्ये पूर्ण उंचीची काचेची दारं आहेत. गाडी आल्याशिवाय ती उघडतच नाहीत. बेंगळुरूत मात्र बहुतेक स्थानकांवर अजून फक्त पिवळी रेघ, शिट्टी आणि सुरक्षारक्षक यांच्यावरच भिस्त आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बैयप्पनहळ्ळी स्थानकात एक चार वर्षांचा मुलगा खेळता खेळता रुळांवर पडला. तिथल्या कर्मचाऱ्यानं प्रसंगावधान राखून लगेच वीज तोडली, म्हणून बाळ सुखरूप राहिलं. दरवेळी इतकं नशीब साथ देईलच असं नाही.

लोकलच्या बाबतीत ९ जून २०२५ नं सगळ्यांचे डोळे उघडले. दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. ते लोक हौसेनं लटकले नव्हते. आत पाय ठेवायला जागा नव्हती आणि कामावर पोहोचायचं होतं. त्याच्या आदल्या वर्षीच मुंबई उच्च न्यायालयानं लोकांना जनावरांसारखा प्रवास करावा लागतो याची लाज वाटते, अशा अर्थाचे कठोर शब्द वापरले होते. मुंब्र्यानंतर रेल्वेनं नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं देण्याचं जाहीर केलं. एसी लोकल तर २५ डिसेंबर २०१७ पासून बंद दारांनीच धावते आहे. पण नुसती दारं बंद करून भागणार नाही. आत श्वास घेता आला पाहिजे, गाड्या वाढल्या पाहिजेत.

बेंगळुरूसाठी हे आत्ता महत्त्वाचं आहे, कारण इथेही उपनगरी रेल्वे बांधली जातेय. संपिगे, मल्लिगे, पारिजात आणि कनक अशी फुलांची नावं दिलेले तिचे चार मार्ग आहेत. २० जून २०२२ ला तिची पायाभरणी झाली. मुंबईनं दीडशे वर्षांत जे चटके खाल्ले, ते बेंगळुरूनं पुन्हा खायची गरज नाही. रुळांना कुंपण, ओलांडायला पुरेसे पूल, सरकते जिने, दारं हे सगळं आराखड्यातच असलं, तर नंतर चादर शोधायची वेळ कमी येईल.

तुम्ही-आम्ही काय करू शकतो?

सरकार, रेल्वे, मेट्रो त्यांचं काम करतील तेव्हा करतील. आपल्या हातातल्या काही गोष्टी मात्र आजपासून होऊ शकतात.

१. मोबाईल खाली ठेवा. व्हिडिओ काढू नका, आला तर पुढे पाठवू नका. त्याच्या घरी बातमी पोहोचायच्या आधी तुमचा व्हिडिओ पोहोचू शकतो.

२. गाडी कितीही वेळ थांबली तरी रुळांवर उतरू नका. कायद्यानं तो गुन्हा आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे घरी कुणीतरी वाट बघतंय.

३. तुम्ही काही पाहिलं असेल तर थांबा आणि पोलिसांना सांगा. तुमच्या चार ओळींच्या जबाबावर एखाद्या घराची भरपाई ठरू शकते.

४. सोबत मुलं असतील तर खोटं सांगू नका. "कुणाला तरी लागलंय, लोक त्यांना मदत करताहेत, आपण थोडं थांबूया." एवढं पुरतं.

५. कुणी कर्मचारी उशिरा आला आणि कारण हे असेल, तर त्याचा हाफ डे लावू नका. ऑफिसात वरच्या खुर्चीवर असाल तर हे तुमच्यासाठी.

६. तुम्ही स्वतः किंवा जवळचं कुणी खूप निराश असेल, सगळं संपवावं असं वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानस क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या या सेवेची मुख्य सूत्रं आमच्या बेंगळुरूतल्याच निम्हान्स संस्थेकडे आहेत.

७. आणि शेवटचं काम अगदी दोन मिनिटांचं. फोन लॉक असतानाही दिसेल अशी आणीबाणीची माहिती भरून ठेवा. तुमचं नाव, रक्तगट आणि घरच्या एका माणसाचा नंबर. सेटिंग्जमध्ये जाऊन 'इमर्जन्सी' शोधलंत की सापडेल.

हे सातवं मी बाबांकडून शिकले. बाबांनी सव्वीस वर्षं डोंबिवलीहून मशीदला जाऊन-येऊन नोकरी केली. त्यांच्या पासाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात पासामागे नेहमी एक घडी घातलेला कागद असायचा. लहानपणी मला वाटायचं, त्यात पैसे असतील. परीक्षेच्या त्या दिवशी, आजीच्या प्रश्नानंतर, मी त्यांना विचारलं, "बाबा, काय आहे हो त्यात?" त्यांनी कागद उलगडून दाखवला. त्यांचं पूर्ण नाव, आमचा पत्ता, शेजारच्या काकांचा नंबर आणि खाली एक ओळ : 'घरी हळू सांगावे.'

मी काहीच बोलले नाही. बाबा हसून म्हणाले, "अगं, सगळेच ठेवतात."

किती जण ठेवत असतील मला माहीत नाही. पण त्या दिवशी कळव्याजवळ जो कुणी होता, त्याच्या खिशातही असा कागद असावा, आणि तो कुणीतरी नीट उघडून वाचला असावा, अशी माझी फार इच्छा आहे. त्याच्याही घरी कुणीतरी हळू सांगितलं असावं.

पुढच्या वेळी गाडी मध्येच थांबली, तर घड्याळ जरूर बघा. आपल्याला कामं असतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त घड्याळ बघून झालं की क्षणभर डोळे मिटा आणि मनातल्या मनात आजीचा प्रश्न विचारा. कोण होतं ते?

त्यानं गाडी एक मिनिटही उशिरा सुटणार नाही.